पहिलं रिव्हॉल्व्हर घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या शेतावर वडिलांची बाराबोअर बंदूक होती. रिव्हॉल्व्हरचा परवाना मात्र घरात पहिल्यांदा मी काढला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. ओळखीत कुणाचा परवाना मंजूर झाला की दोन दिवसांत फोन येतो, "कुठलं घेऊ?" प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची सविस्तर लिहून ठेवली आहेत.

आधी रिव्हॉल्व्हर बघून ठेवू, मग परवान्याचं बघू, असं चालेल का?

नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय शस्त्र जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे. "कागद होईपर्यंत ठेवा तुमच्याकडे" असं कुणी म्हणालं, तर त्या माणसापासून लांब राहा. अर्ज सरकारी पोर्टलवर ऑनलाइन भरायचा असतो. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत निर्णय आयुक्त घेतात आणि बाकी ठिकाणी जिल्हाधिकारी. वय किमान २१ हवं. पोलीस चौकशी होते, डॉक्टरांचा दाखला लागतो. २०१६ च्या नियमांपासून शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला आणि शस्त्र घरी सुरक्षित ठेवण्याची हमीही द्यावी लागते.

हे प्रशिक्षण मनापासून करा. नुसत्या सही-शिक्क्यासाठी उरकू नका. पुढे कुठलं मॉडेल घ्यायचं हे ठरवताना त्या दिवसांत हाताला लागलेलं वळणच उपयोगी पडतं.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. घरी आधीच बाराबोअर आणि रायफल असेल, तर रिव्हॉल्व्हरसाठी जागाच उरलेली नाही, हे आधी मोजून घ्या.

पिस्तूल घ्यावं की रिव्हॉल्व्हर?

पहिल्यांदा घेणाऱ्याला मी रिव्हॉल्व्हरच सांगतो. उघडलं की काडतुसं बसायची सहाही घरं एका नजरेत दिसतात. भरलेलं आहे की रिकामं, याबद्दल शंकेला जागा राहत नाही. पिस्तुलात काडतुसांचं मॅगझिन काढल्यावरही एक गोळी नळीत राहू शकते, आणि "रिकामं आहे" असं समजून झालेले अपघात बहुधा तिथेच होतात. शिवाय जिवावर बेतलेल्या क्षणी एखादं काडतूस उडालं नाही तर रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर पुन्हा ओढायचा, पुढचं घर समोर येतं. पिस्तुलात काडतुसं जास्त बसतात आणि ते खिशाला चपटं पडतं, हे खरं. पण वर्षातून दोनदा सराव करणाऱ्या माणसाला साधं यंत्र बरं.

बोअर कोणता मिळतो?

बोअर म्हणजे नळीच्या आतल्या भोकाचं माप. सर्वसामान्य परवान्यावर रिव्हॉल्व्हर म्हणजे बहुतेक .३२ बोअर. पॉइंट अडतीस आणि पॉइंट चारशे पंचावन्न हे निषिद्ध बोअर आहेत, ते विसरा.

.३२ म्हटलं की एक घोटाळा हमखास होतो. रिव्हॉल्व्हरचं .३२ काडतूस म्हणजे .३२ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग. ते १८९६ पासून चालत आलेलं आहे, त्याच्या बुडाला रुंद कड असते. पिस्तुलाचं .३२ आखूड असतं आणि त्याची कड जवळपास बुडाएवढीच असते. दोन्ही पेट्यांवर "पॉइंट बत्तीस" असतं म्हणून एकाचं काडतूस दुसऱ्यात कधीच घालू नका. दुकानात पेटी उघडून एक काडतूस हातात घ्या, बुडाची कड बघा, मगच पैसे द्या.

बाजारात आहे काय काय?

सर्वांत जास्त दिसतं ते कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं .३२, म्हणजे लोकांच्या तोंडातलं "आयओएफ" (इंडियन ऑर्डनन्स फॅक्टरी, सरकारी शस्त्र कारखाना) किंवा "ऑर्डनन्सचं". त्याची घडण जुन्या ब्रिटिश वेब्लीवरून आलेली आहे. वरचा खटका दाबून नळी खाली मोडायची, की रिकाम्या पुंगळ्या एकदम वर येतात. भक्कम, ओळखीचं, दुरुस्त करणारे कारागीर सापडतात. ट्रिगर मात्र जड असतो, त्यावर पुढे बोलतो.

निर्भीक २०१४ साली कानपूरच्याच फील्ड गन फॅक्टरीतून आलं. वजन सुमारे ५०० ग्रॅम, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात. महिलांसाठी म्हणून त्याची जाहिरात झाली, दागिन्याच्या पेटीसारख्या पेटीत ते यायचं. हलकं आहे यात शंका नाही. पण शस्त्राची निवड पेटीवरून आणि नावावरून होऊ नये, एवढं मी प्रत्येक बहिणीला सांगतो. हलक्या रिव्हॉल्व्हरचा धक्का हाताला जास्त जाणवतो आणि नेम हलतो. हातात घेऊन बघावं, मग ठरवावं.

प्रबल हे २०२३ चं. २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून ज्या कंपन्या झाल्या, त्यातल्या कानपूरच्या अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडियाने ते काढलं. त्यात नळी मोडावी लागत नाही, सहा घरांचा फिरता सिलिंडर बाजूला बाहेर येतो. या रचनेत वरचा खटका आणि खालची बिजागरी झिजून ढिली होण्याची भानगडच नाही. मला ही रचना जास्त पटते.

वेब्ली अँड स्कॉटनेही २०२० पासून उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथे .३२ बनवायला घेतलं. पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्याचं निडर .२२ बोअरचं आहे, खेळण्याएवढं हलकं. पहिलं आणि एकमेव शस्त्र म्हणून मी ते सुचवत नाही.

भाव सारखे बदलतात. दोन-तीन दुकानांत त्या दिवसाचा भाव विचारा, कर धरून.

"विलायती" मिळालं तर घ्यावं का? लोक म्हणतात, त्याची सर देशीला नाही.

खासगी माणसासाठी परदेशी शस्त्रांची आयात ऐंशीच्या दशकातच बंद झाली. त्यामुळे आज जे विलायती वेब्ली किंवा स्मिथ अँड वेसन विकायला येतं, ते चाळीस-पन्नास वर्षं जुनं असतं, आणि दुर्मिळ म्हणून किंमत कितीतरी पट. कारागिरी सुंदर असते, हे मीही मान्य करतो. चांगल्या अवस्थेतल्या जुन्या स्मिथ अँड वेसनचा ट्रिगर ओढून बघितला की लोण्यातून सुरी फिरवल्यासारखं वाटतं. पण त्या किमतीतला मोठा हिस्सा दुर्मिळतेचा असतो. पार्ट मिळत नाहीत, एखादी स्प्रिंग तुटली तर कारागीर हाताने घडवणार. संग्रहाची आवड असेल तर जरूर घ्या. पहिलं शस्त्र म्हणून नको.

दुकानात उभं राहून दर्जा कसा ओळखायचा?

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. चकाकी, कोरलेलं नाव, लाकडी मूठ हे सगळं नंतर. चांगलं रिव्हॉल्व्हर म्हणजे ज्याचं प्रत्येक घर नळीसमोर येऊन घट्ट बसतं, आणि ज्याचा ट्रिगर तुमचं स्वतःचं बोट न डळमळता ओढू शकतं. बाकी सगळं या दोन गोष्टींच्या मागून येतं.

हातात घेतल्याबरोबर उघडा, सहाही घरं डोळ्यांनी बघा, मग बोट फिरवून बघा. दुकानदाराने आत्ताच बघितलं असलं तरी. नळी भिंतीकडे, माणसांकडे कधीच नाही. रिकामा घोडा, म्हणजे मागचा काडतुसावर आपटणारा भाग, आपटायचा असेल तर आधी विचारा. डमी काडतुसं, म्हणजे आत दारू नसलेली, असतील तर ती घालून मगच.

आता घोडा हळूहळू, अगदी मुंगीच्या पावलाने, मागे ओढा. सिलिंडर फिरताना कान लावा. खालची खुंटी सिलिंडरच्या खाचेत "टक" करून बसते. घोडा पूर्ण मागे जाण्याच्या आधी हा आवाज यायला हवा. घोडा मागे अडकला आणि सिलिंडर अजून बोटाने पुढे सरकवता येतोय, तर त्या घराची वेळ चुकते आहे. सहाच्या सहा घरांवर हे करा. पाच घरं चोख आणि सहावं चुकीचं, असं मी स्वतः एका नव्याकोऱ्या नगात बघितलं आहे. दुकानदाराने कुरकुर न करता दुसरा नग काढून दिला, त्याचं कौतुक आहे. ती वेळ चुकली की गोळी नळीच्या तोंडावर वाकडी आपटते आणि शिशाचे कण बाजूला उडतात.

मग ट्रिगर दाबून मागेच धरून ठेवा आणि सिलिंडर दोन बोटांनी डावी-उजवीकडे हलवून बघा. केसभर हलणं चालतं, त्याहून जास्त नको. तसंच पुढे-मागे हलवा. नळी आणि सिलिंडर यांच्यामधली फट उजेडाकडे धरून बघा: एक बारीक, सगळीकडे सारखी रेघ दिसली पाहिजे. एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला बंद असेल तर बांधणीच वाकडी आहे.

घोडा मागे अडकवून अंगठ्याने पुढे दाबा, ट्रिगरला हात न लावता. घोडा सुटता कामा नये. सुटला तर ते रिव्हॉल्व्हर खाली ठेवा, दुसरं मागा.

मोडून उघडणाऱ्या रचनेत बंद केल्यावर नळी एका हाताने आणि मूठ दुसऱ्या हाताने धरून हलवा. खटक्याजवळ "कट कट" आवाज आला तर ते ढिलं आहे. नळीत उजेड धरून आतले आटे, म्हणजे पिळाच्या खाचा, बघा, ते धारदार आणि चकचकीत हवेत. नळीच्या मागच्या तोंडाला चीर नको.

शेवटी नंबर. शस्त्रावरचा नंबर आणि बिलावरचा नंबर स्वतः वाचून जुळवा. बनवणाऱ्याचं नाव किंवा नंबर खरवडलेलं शस्त्र जवळ ठेवणं हाच वेगळा गुन्हा आहे.

ट्रिगर खूप जड वाटतोय. सवयीने होईल का?

थोडं होतं, सगळं नाही. आमच्या घरातला प्रसंग सांगतो. माझ्या पत्नीच्या नावाने परवाना झाला तेव्हा आम्ही दुकानात गेलो. तिने ऑर्डनन्सचं नेहमीचं मॉडेल घेतलं आणि घोडा न ओढता सरळ ट्रिगर ओढायचा प्रयत्न केला. बोट थरथरलं, दुसरं बोट मदतीला आलं, आणि नळीचं टोक जवळजवळ वीतभर खाली गेलं. दुकानदार म्हणाला, "घोडा आधी मागे घ्या ना ताई, मग हलकं होतं." होतं खरं. पण घाबरलेल्या क्षणी घोडा अंगठ्याने मागे घेणं, आणि नको असेल तर तो भरल्या काडतुसावर हळूच खाली सोडणं, हे दोन्ही धोक्याचं. म्हणून माझं मत असं की जे रिव्हॉल्व्हर सरळ ट्रिगर ओढून वापरता येत नाही, ते तुमचं नाही. आम्ही त्या दिवशी मोकळ्या हाताने परत आलो आणि तीन आठवड्यांनी तिच्या बोटाला जमेल असा नग मिळाला.

मुठीचाही विचार करा. ट्रिगरवर बोटाचं पेर यायला हवं, दुसऱ्या पेराची घडी नाही. हात लहान असेल तर मूठ बदलून मिळते का ते विचारा. आणि एक कळकळीचं सांगणं: ट्रिगर हलका करण्यासाठी स्प्रिंग कापून घेऊ नका. स्प्रिंग कापली की घोड्याचा मार कमी पडतो आणि काडतूस उडत नाही.

नळी आखूड घ्यावी की लांब?

घरात आणि शेतावर ठेवायचं असेल तर लांब. तीन इंचांपेक्षा चार इंच नळीवर नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच यांच्यातलं अंतर जास्त, म्हणून नेम सोपा. रोज कमरेला लावणार असाल तरच आखूड.

जुनं, वापरलेलं घेतलं तर?

घ्यायला हरकत नाही, पण पद्धतशीर. दोन परवानाधारकांमध्ये व्यवहार होत असेल तर लेखी कळवावं लागतं आणि कळवल्यापासून किमान ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. हातावर हात देऊन शस्त्र घेणं कायद्यात बसत नाही, मग समोरचा सख्खा मित्र असला तरी.

माझी एक चूक सांगतो. सुरुवातीला मी एका परिचिताकडून वापरलेलं रिव्हॉल्व्हर घेतलं. पॉलिश नवीन, मूठ नवीन. सहा घरं तपासली, पण वरचा खटका हलवून बघायचं राहिलं. रेंजवर तिसऱ्या-चौथ्या बारानंतर नळी आपोआप थोडी उघडली. कुणाला इजा झाली नाही, पण माझ्या हाताला कंप सुटला तो संध्याकाळपर्यंत गेला नाही. नवीन पॉलिश दिसलं की मी आता जास्त संशयाने बघतो. आणि ते घेण्याआधी कारागिराला दाखवतो.

काडतुसं कुठली आणि किती?

बहुतेक काडतुसांच्या बुडावर "केएफ" ही अक्षरं असतात. ती आपल्या पुण्याच्या खडकी दारूगोळा कारखान्याची, जो १८६९ पासून चालू आहे. एकावेळी किती ठेवायची आणि वर्षाला किती घ्यायची, हा आकडा तुमच्या परवान्यावर लिहिलेला असतो. तो वाचा. वही ठेवा: किती घेतली, कुठे उडवली, शिल्लक किती. नूतनीकरणाच्या वेळी किंवा चौकशीत ही वही तुमच्या बाजूने बोलते.

जुनी, हिरवट डाग पडलेली काडतुसं वापरू नका. बार "फुस्स" असा कमी आवाजाचा झाला तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि त्यावर दुसरा बार केला तर नळी फुटते. सरावात ट्रिगर ओढूनही काहीच झालं नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबा आणि मगच उघडा.

सराव कुठे करायचा? शेतात केला तर चालेल?

शेतात नको. गोळी ढेकळावर किंवा दगडावर आपटून कुठेही जाते आणि बांधापलीकडे माणसं असतात. रायफल क्लबचं सभासदत्व घ्या. मुंबई-पुण्यात आहेतच, जिल्ह्याच्या ठिकाणीही चौकशी केली तर सापडतात. घरी रिकाम्या शस्त्रावर डमी काडतुसं घालून ट्रिगरचा सराव करता येतो. खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. नळीच्या टोकावर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि ते न पाडता ट्रिगर पूर्ण ओढा. दिवसाला वीस वेळा. महिन्याभरात फरक कळतो. रेंजवरून आलं की जेवणाआधी हात साबणाने धुवा, शिशाची पूड बोटांना लागलेली असते.

घरात लहान मुलं आहेत.

मग रिव्हॉल्व्हरच्या आधी तिजोरी घ्या, भिंतीत किंवा जमिनीत बोल्टने पक्की केलेली. कपाटाच्या वरच्या खणात, साड्यांच्या खाली, गादीखाली, हे सगळं मुलांना तुमच्याआधी माहीत असतं. शस्त्र आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपांत. किल्ली देवघरात ठेवायची नाही. आणि मुलांना दाखवायचंही नाही, "बाबांचं रिव्हॉल्व्हर" म्हणून शाळेत गोष्ट झाली की ती चोरापर्यंतही पोहोचते. घरात कुणी खचलेलं असेल, दारूचं व्यसन असेल, भांडणं हातघाईवर येत असतील, तर त्या काळात शस्त्र डीलरकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करा. यात कमीपणा काही नाही. मी स्वतः घरातल्या एका आजारपणात तसं केलं होतं.

पावसाळ्यात गंज चढतो, काय करू?

कोकणात आणि मुंबईत हा प्रश्न पहिल्या जूनलाच येतो. चामड्याच्या म्यानात ठेवून देऊ नका. चामडं ओल धरतं आणि जिथे टेकतं तिथेच गंज उमटतो. पातळ तेलाचा हात फिरवून, कोरड्या सुती कापडात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पंधरा दिवसांनी उघडून बघा. तेलाने थबथबलेलं नको. जास्तीचं तेल काडतुसाच्या बुडातून आत गेलं तर ते उडत नाही.

खंडेनवमीला पूजेत ठेवलं तर? आणि बार काढला तर?

पूजा जरूर करा, मीही करतो. रिकामं, उघडून, सहाही घरं बघून पाटावर ठेवायचं. हळदकुंकू धातूला लावू नका, ओल्या कुंकवाने डाग पडतो. फूल पुरेसं आहे. आणि पूजा झाली की लगेच तिजोरीत. प्रसादाला येणाऱ्यांसाठी ते मांडून ठेवायची वस्तू नाही.

बार काढायचा नाही. लग्नात, मिरवणुकीत, देवळात आनंदाने हवेत गोळी झाडणं २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर गेलेली गोळी खाली येतेच.

घरात चोर शिरला तर गोळी झाडता येते ना?

सरसकट नाही. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. तो धोक्याच्या प्रमाणात वापरायचा असतो आणि पोलिसांची मदत मिळण्याइतका वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही. पळणाऱ्या माणसाच्या पाठीवर गोळी झाडून कुणी वाचत नाही. खरेदीच्या आधी एखाद्या फौजदारी वकिलाकडे तासभर बसा आणि ही कलमं समजून घ्या.

निवडणुकीत जमा करायला सांगितलं आहे. परत मिळेल ना?

मिळतं. जमा करताना नंबर, अवस्था आणि सोबतची काडतुसं लिहिलेली पावती घ्या, मोबाइलवर फोटो काढा. आधी तेल लावून द्या.

वडिलांचं जुनं रिव्हॉल्व्हर आहे. ते माझ्या नावावर होईल?

होऊ शकतं. परवानाधारक वारले, सत्तरीला पोचले किंवा शस्त्र २५ वर्षं त्यांच्याकडे असेल, तर कायदेशीर वारसाला अर्ज करता येतो. परवाना मात्र तुमच्या नावाचा स्वतंत्र लागतो, तोपर्यंत ते हातात घेऊ नका. वडील वारले असतील तर शस्त्र ताबडतोब पोलीस ठाण्यात किंवा डीलरकडे जमा करून पावती घ्या, मग अर्ज करा. इतर वारसांची लेखी हरकत-नाही आधीच तयार ठेवा, फाइल तिथेच अडते. नावावर झालं की त्याच्यावरही वरची सगळी तपासणी करा. वीस वर्षं तिजोरीत पडून राहिलेल्या रिव्हॉल्व्हरची स्प्रिंग बसलेली असू शकते आणि जुनं तेल चिकट झालेलं असतं. कारागिराकडून एकदा पूर्ण उघडून साफ करून घेतल्याशिवाय त्यात काडतूस घालू नका.